स्वॅप मीटला पहिल्यांदा जाताय? जुन्या गाडीचे पार्ट शोधायचे कसे ते वाचून जा

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींमध्ये जुन्या गाड्यांची आवड असलेले खूप लोक भेटतात, पण ती आवड बहुतेक वेळा फोटो लाईक करण्यापुरतीच राहते, कारण डोक्यात पक्कं बसलेलं असतं की हा पैसेवाल्यांचा खेळ आहे. ड्युसेनबर्ग नि पॅकार्डसारख्या जुन्या आलिशान गाड्यांचं सोडा, ते खरंच पैसेवाल्यांचं काम आहे, पण १९३० ची चालू कंडिशनमधली फोर्ड मॉडेल ए आजही नव्या होंडा सिव्हिकपेक्षा कमी पैशात मिळते. आणि गाडी घेतली की खरी मजा सुरू होते ती पार्ट शोधण्यात. मला विचाराल तर गाडी चालवण्यापेक्षा पार्ट शोधण्यातच अर्धा छंद आहे, आणि त्यासाठी स्वॅप मीटसारखी जागा नाही. पुण्याचा जुना बाजार बघितलाय ना, बुधवार-रविवारचा? तोच प्रकार समजा, फक्त सगळा माल गाड्यांचा आणि मैदान एवढं मोठं की एका दिवसात पाय दुखून येतात पण बाजार संपत नाही.

हे सगळं नवख्या माणसासाठी लिहितोय, ज्यांना पाना कुठल्या बाजूला फिरवायचा एवढं कळतं त्यांना पुरेसं आहे. उदाहरणं मॉडेल ए ची देतोय कारण ती गाडी मला माहितीये, तुमची शेवरोले किंवा जीप असेल तरी पद्धत तीच.

आधी गाडी आणि हेतू ठरवा

अँटिक ऑटोमोबाईल क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एएसीए, हा क्लब १९३५ पासून आहे आणि त्यांच्या हिशोबात २५ वर्षांची गाडी झाली की ती अँटिक. म्हणजे २००० सालची कॅमरी पण आता त्यात बसते, हसू नका. न्यू जर्सीत हिस्टॉरिक प्लेट मिळते तीसुद्धा २५ वर्षांनंतरच. तर "अँटिक" शब्दाला घाबरायचं कारण नाही.

पहिली गाडी म्हणून मॉडेल ए का सुचवतो तर डिसेंबर १९२७ मध्ये ती बाजारात आली आणि १९३१ पर्यंतच्या मॉडेल्समध्ये ४८ लाखांच्या आसपास गाड्या बनल्या. एवढ्या बनल्या म्हणून एवढ्या उरल्या, आणि एवढ्या उरल्या म्हणून पार्ट मिळतात, जुनेही आणि नव्याने बनवलेलेही. चार सिलेंडरचं ३.३ लिटरचं इंजिन, ४० हॉर्सपॉवर, सहा व्होल्टची बॅटरी आणि तीही पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं, एवढी साधी गाडी की बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं. याउलट कुठलीतरी १९२० च्या दशकातली बंद पडलेल्या कंपनीची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नका, ती स्वस्त असते कारण तिचा वॉटर पंप शोधायला आयुष्य जातं.

हेतू ठरवायचा म्हणजे काय, तर गाडी शोमध्ये जजिंगला न्यायची आहे का रविवारी आईस्क्रीम खायला चालवायची आहे. जजिंगला नेणार असाल तर पार्ट नुसता बसून चालत नाही, तो त्याच वर्षाचा, त्याच कंपनीचा, त्याच फिनिशचा लागतो. चालवायची असेल तर बसला आणि चालला म्हणजे झालं. दोन्हींच्या किमतीत खूप फरक पडतो, आणि हे न ठरवता जाणारा माणूस शो गाडीचा महागडा पार्ट घेऊन येतो आणि चालवायच्या गाडीला लावतो.

यादी, यादी आणि यादी

नवखे लोक इथेच कंटाळा करतात. म्हणतात जाऊन तर बघू, मिळेल ते घेऊ. मग संध्याकाळी गाडीच्या डिकीत तीन हबकॅप, एक हॉर्न नि एक टिनचा तेलाचा डबा निघतो, आणि ज्यासाठी गाडी सहा महिने उभी आहे तो डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्पार्क प्लगना वीज वाटून देणारा पार्ट, राहूनच जातो.

यादीत नुसतं "कार्बोरेटर" लिहून उपयोग नाही. पार्टचं नाव, वर्ष, फोर्डचा नंबर, माप आणि जमलं तर तुमच्याकडच्या तुटक्या पार्टचा फोटो, शेजारी पट्टी ठेवून काढलेला. फोर्डची नंबरिंगची पद्धत एकदा समजून घेतली की आयुष्यभर पुरते, आधी गाडीचं अक्षर आणि मग पार्टचा ग्रुप नंबर, म्हणजे ए-९५१० म्हटलं की मॉडेल ए चा कार्बोरेटर. ८००५ रेडिएटर, १३८०२ हॉर्न. हेच ग्रुप नंबर फोर्डने पुढच्या गाड्यांनाही वापरले त्यामुळे टेबलामागचा म्हातारा तुमच्या उच्चाराने गोंधळला तरी नंबर दाखवला की लगेच मान हलवतो.

मॉडेल ए वाल्यांनी एक गोष्ट पाठच करून ठेवा: १९२८-२९ आणि १९३०-३१ या दोन वेगळ्या गाड्या समजायच्या. इंजिन तेच, पण चाकं आधीची २१ इंची आणि नंतरची १९ इंची, फेंडर एकाचे दुसऱ्याला बसत नाहीत, रेडिएटरचं कवच आधी निकेलचा मुलामा दिलेलं आणि १९३० पासून स्टेनलेसचं. विकणारा "मॉडेल ए फेंडर" एवढंच लिहून ठेवतो, कुठल्या वर्षाचा ते तुम्हाला कळलं पाहिजे.

जनरल मोटर्सच्या गाड्या असतील तर ओतीव पार्टवरचे कास्टिंग नंबर आणि तारखेचा कोड वाचायला शिका. बऱ्याच पार्टवर महिना अक्षरात असतो, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी असं, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. सी १४ ५ म्हणजे १४ मार्च आणि ५ ने संपणारं साल, आता ते ५५ का ६५ हे कास्टिंग नंबरवरून ठरवायचं. आणि कुठल्या गाडीचा पार्ट कुठल्या दुसऱ्या गाडीला बसतो यासाठी हॉलंडर नावाची इंटरचेंज मॅन्युअल्स आहेत, १९३० च्या दशकापासून निघतात, जुन्या प्रती स्वॅप मीटमध्येच मिळतात. पहिल्या खरेदीत एक तरी घ्याच, कारण तुमच्या गाडीचा म्हणून जो पार्ट शंभर डॉलरला असतो तोच पार्ट ट्रकचा म्हणून पलीकडच्या टेबलावर वीस डॉलरला पडलेला असतो आणि विकणाऱ्याला पत्ता नसतो.

कुठल्या मीटला जायचं

ईस्ट कोस्टला असाल तर पेनसिल्व्हेनियातलं हर्शी. हो तेच चॉकलेटवालं, जिथे मुख्य रस्त्यावरचे दिवे चॉकलेटच्या आकाराचे आहेत. एएसीएचं फॉल मीट तिथे १९५५ पासून भरतं, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, हर्शीपार्कच्या आजूबाजूच्या पार्किंग लॉट्सवर. हजारोंनी टेबलं लागतात, मैदानांना रंगांची नावं आणि एकाचं नाव चक्क चॉकलेट फील्ड. न्यू जर्सीतल्या एडिसनहून ट्रॅफिक नसेल तर अडीच तास. आत जायला तिकीट नाही, पार्किंगचे पैसे पडतात. हॉटेल मात्र उन्हाळ्यातच बुक करून टाका, सप्टेंबरमध्ये शोधायला बसलात तर तासभर लांब कुठेतरी राहावं लागेल. जुने लोक अजून हर्शीच्या चिखलाच्या गोष्टी सांगतात कारण मैदानं पक्की व्हायच्या आधी पाऊस पडला की बूट घोट्यापर्यंत आत जायचे. आता डांबर आहे पण पाऊस तोच आहे, रेनकोट ठेवा.

हर्शीच्या साधारण आठवडाभर आधी कार्लाइलला फॉल कार्लाइल असतं, तिथून हर्शी तासाच्या आत. कार्लाइलला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गाड्या जास्त, साठ-सत्तरच्या दशकातल्या मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाच्या गाड्यावाली मंडळी तिथे भेटतात. हर्शीला युद्धाआधीचा माल जास्त. तुमची गाडी कुठली त्यावर ठरवा.

वेस्ट कोस्टला बे एरियावाल्यांना टर्लॉक जवळ पडतं, जानेवारीत असतं आणि ते भरवणारा क्लबच मॉडेल ए वाल्यांचा आहे. लॉस एंजेलिसकडे पोमोना वर्षातून अनेकदा. मिडवेस्टला जुलैत विस्कॉन्सिनमधलं आयोला, आणि फक्त युद्धाआधीच्या गाड्यांचं वेड असेल तर मार्चमध्ये ओक्लाहोमातलं चिकाशे. इंग्लंडमध्ये असाल तर सप्टेंबरमधलं ब्यूली, १९६७ पासूनचं, तिकडे याला ऑटोजंबल म्हणतात.

पण पहिल्यांदा एकदम हर्शीला जाऊ नका असं माझं मत आहे. आधी आपल्या काउंटीतलं छोटं, चर्चच्या नाहीतर फायर स्टेशनच्या आवारात भरणारं मीट करा, पन्नास टेबलांचं. तिथे बोलायला वेळ असतो लोकांना. एएसीएच्या स्थानिक शाखा असतात त्यांचं सभासदत्व घ्या, मीटिंगला सरासरी वय सत्तर असतं आणि आपल्याला बघून त्यांना इतका आनंद होतो की विचारू नका, कारण त्यांच्या पोरांना यातलं काही नकोय.

बरोबर काय न्यायचं

हातगाडी, म्हणजे पोरांना बसवतात ती चार चाकी वॅगन चालेल, टायर रबरी हवेत. लोहचुंबक, दोरी बांधलेलं. व्हर्नियर कॅलिपर, मोजपट्टी, आटे मोजायचा गेज. चांगला टॉर्च, कारण पहाटे अंधारातच सौदे सुरू होतात आणि इंजिनच्या आत दिवसाही काही दिसत नाही. कामाचे हातमोजे, चिंध्या, झिपलॉक पिशव्या आणि मार्कर. रोख पैसे, त्यात वीसच्या नोटा जास्त, काही जण फोनवरून पैसे घेतात पण नोट दिसली की भाव हलतो. खायला दशम्या-चटणी नाहीतर शेंगदाण्याचे लाडू, तिथल्या बर्गरच्या रांगेत उभं राहण्यात अर्धा तास जातो आणि तेवढ्यात तुमचा पार्ट कुणीतरी उचलतं.

अजून एक गंमत, पाठीवर पाटी लावायची. खरंच. लोक शर्टावर, टोपीवर, पाठीवर पुठ्ठा लावून फिरतात, "पाहिजे: १९३१ चा स्पीडोमीटर" असं. पहिल्यांदा लाज वाटते, पण मागून कुणीतरी हाक मारतं की माझ्या ट्रकमध्ये एक आहे, टेबलावर मांडला नव्हता.

मैदानात फिरायची पद्धत

सुरुवातीचे दिवस महत्त्वाचे. विकणारे विकणाऱ्यांकडूनच आधी घेतात, लोक माल उतरवत असतानाच चांगल्या वस्तू हात बदलतात. म्हणून दुर्मीळ काही शोधत असाल तर पहिल्या दिवशी, आणि जड नि साधा माल, म्हणजे चाकं, फेंडर, अ‍ॅक्सल, इंजिन ब्लॉक असलं काही हवं असेल तर शेवटच्या दिवशी दुपारी, कारण तीनशे किलो लोखंड परत ट्रकवर चढवायची इच्छा कुणालाच नसते.

एक मैदान धरा आणि रांगेने जा, जाताना एका बाजूची टेबलं आणि येताना दुसऱ्या बाजूची. दोन्हीकडे बघत चाललात तर दोन्हीकडचं सुटतं. प्रत्येक जागेला अक्षर-आकड्यांचा कोड असतो, काही आवडलं पण विचार करायचाय तर आधी त्या कोडच्या पाटीचा फोटो काढा मग वस्तूचा, नाहीतर तीन तासांनी ते टेबल सापडणार नाही. टेबलाखालचे खोके बघायला विसरू नका. वर मांडलेला माल विकणाऱ्याला माहीत असलेला असतो, खालच्या खोक्यात त्याला ओळखू न आलेला असतो.

आणि ज्या टेबलावर सगळ्या ब्रँडचा मिक्स माल आहे, मांडणी गबाळी आहे, बसलेला माणूस चाळिशीतला आणि कंटाळलेला आहे, तिथे थांबा. बहुतेक वेळा ते वडिलांच्या गॅरेजमधलं सामान असतं. तिथे सभ्यपणे वागा, त्याच्या वडिलांबद्दल दोन शब्द विचारा, भाव पाडायची घाई नको. असे लोक कधीकधी "घरी अजून दोन शेड भरून आहे" असं म्हणतात आणि फोन नंबर देतात.

हातात घेतलेली वस्तू विचार करेपर्यंत खाली ठेवायची नाही. इथला न बोललेला नियम आहे की हातात आहे तोपर्यंत तुमची, टेबलावर ठेवली की सगळ्यांची. शेजारी उभा असलेला शांत माणूस त्याचीच वाट बघत असतो. आणि उलट बाजूने, दुसऱ्याच्या हातात असेल तर त्याचा सौदा चालू असताना मध्ये बोलायचं नाही, फार वाईट दिसतं ते.

वस्तू तपासणं

आता मुख्य काम. आधी तीन शब्द. एनओएस म्हणजे त्या काळात कंपनीने बनवलेला, न वापरलेला, डब्यातून निघालेला पार्ट. एनओआरएस म्हणजे त्या काळातलाच न वापरलेला, पण दुसऱ्या कंपनीने बदली म्हणून बनवलेला. रिप्रो म्हणजे आत्ता नव्याने बनवलेला. टेबलावर सगळेच एनओएस म्हणतात. डबा जुना आहे म्हणून आतला माल जुना असेलच असं नाही, डबा उघडा, नंबर जुळवा, खाचा-कोपऱ्यात बसवल्याच्या खुणा बघा, बोल्टच्या भोकाभोवती वॉशरचा गोल ठसा दिसला म्हणजे तो कधीतरी गाडीला लागलेला होता.

एक कार्बोरेटर घेऊनच सांगतो. मॉडेल ए चा झेनिथ कार्बोरेटर बिडाचा असतो, चुंबक लगेच चिकटतं. वरचा आणि खालचा असे दोन भाग एकाच बोल्टने जोडलेले. हातात घेतल्यावर पहिल्यांदा थ्रॉटलचा शाफ्ट, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबला की फिरतो तो दांडा, दोन बोटांत धरून वर-खाली हलवा. फिरला पाहिजे, पण डगडगला नाही पाहिजे. खडखड वाटला तर तिथून हवा ओढणार आणि गाडी कधीच नीट आयडल होणार नाही, बुशिंग घालून दुरुस्त होतो पण ते पैसे भावातून वजा करा. मग इंजिनला जोडायच्या फ्लँजचे दोन कान बघा, जास्त आवळून वाकलेले किंवा तडे गेलेले असतात, पट्टीची कड लावून टॉर्च मागे धरा, उजेड दिसला तर फ्लँज वाकलाय. तळाशी गंजाची पांढरट-तांबूस खपली असेल तर पाणी साठून राहिलेलं, आतली बारीक भोकं बुजलेली असणार. विकणाऱ्याला विचारून तो एक बोल्ट सोडवून बघा. सुटत नसेल तर जोर लावू नका, तुटला तर तुमचा. सुटला तर आत पितळी जेट्स, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकांचे स्क्रू, चारही आहेत का मोजा, मेन, कॅप, कॉम्पेन्सेटर आणि आयडल, आणि त्यांच्या खाचा कुणी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने खाल्ल्यात का ते बघा. हे सगळं करायला पाच मिनिटं लागतात आणि विकणारा चिडत नाही, उलट माणूस जाणकार आहे म्हणून नीट बोलायला लागतो.

बिडाच्या मोठ्या वस्तूंना, म्हणजे हेड, मॅनिफोल्ड वगैरेंना, बारीक पान्याने हलकेच टकटक करायचं. अख्खा पार्ट घंटेसारखा वाजतो, तडा असला की बद्द आवाज येतो. शंभर टक्के खात्रीची पद्धत नाही पण फुकट आहे. इंजिन ब्लॉक घेताना व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलेंडरपर्यंत जाणारा बारीक तडा शोधा, या गाड्यांना तो नेहमी जातो, आणि पाणी गोठून बाहेरच्या भिंतीला गेलेले तडे वेगळे. रंग फासलेला ब्लॉक असेल तर जास्त संशय घ्या. मॉडेल ए चा इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला ठोकलेला असतो आणि कागदपत्रांवर बहुतेक ठिकाणी तोच गाडीचा नंबर म्हणून लागतो, त्यामुळे खरवडलेला किंवा परत ठोकल्यासारखा नंबर दिसला तर ब्लॉक कितीही चांगला असू दे, सोडून द्या. पुढे रजिस्ट्रेशनला डोकेदुखी.

पॉट मेटल हे तिसरं प्रकरण. जस्ताचा स्वस्तातला ओतीव धातू, १९२० आणि १९३० च्या दशकांत स्पीडोमीटरच्या आतले ड्रम, दरवाजाची हँडल, कार्बोरेटरचे काही भाग यात बनवायचे. अशुद्ध जस्त कालांतराने आतून फुगतं आणि पिचतं. वरून क्रोम चकचकीत दिसतं पण बारीक कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या की समजा गेला. याला वेल्डिंग होत नाही, सरळ होत नाही, हातात तुकडे येतात. म्हणून जुना स्पीडोमीटर घेताना आकडे फिरतात का ते बघा, जाम असेल तर आतला ड्रम फुगलेला असण्याची शक्यता जास्त.

पत्र्याच्या पार्टवर चुंबक सरकवत न्या. जिथे पकड ढिली होते तिथे खाली पुट्टी आहे. कडा आणि बोल्टची भोकं बघा, मध्यभागाचा डेंट निघतो पण कडा सडलेली असेल तर नवीन पत्रा जोडावा लागतो.

शोभेच्या वस्तूंवर नवख्यांचे पैसे सगळ्यात जास्त जातात. मॉडेल ए च्या रेडिएटरवर बसवायचा धातूचा क्वेल (लावा) पक्षी बघून सगळ्यांना मोह होतो, टेबलाटेबलावर दिसतो, आणि दिसतो त्यातले बहुतेक रिप्रो असतात. रिप्रो घ्यायला काही हरकत नाही, मला स्वतःला त्यात कमीपणा वाटत नाही, फक्त रिप्रोच्या भावाने घ्या. तसंच स्पार्क प्लगचं, चॅम्पियन ३एक्स जुन्या डब्यात मिळतात, सुंदर दिसतात, दोन कपाटात ठेवायला घ्या आणि गाडीत कुठलेही चांगले वापरा.

भाव

आपल्याला घासाघीस येते असा आपला समज असतो, पण इथे "अर्ध्यात देतो का" चालत नाही. वस्तूला नावं ठेवणं तर बिलकुल नाही. तो माणूस चार राज्यं ओलांडून आलाय, बऱ्याचदा तो पार्ट त्याने स्वतः वीस वर्षं सांभाळलाय, त्याच्या तोंडावर "गंजलाय की" म्हटलं की संपलं. साधं विचारायचं, "व्हॉट्स द बेस्ट यू कॅन डू ऑन धिस?" आणि गप्प बसायचं. ८५ चा बहुतेक ७० ला येतो. दोन-तीन वस्तू एकत्र करून विचारलं की अजून उतरतो. त्याने सांगितलेला भाव योग्य असेल तर मुकाट्याने द्या, पाच डॉलरसाठी ताणू नका, पुढच्या वर्षी तो त्याच जागेवर बसलेला असणार आहे आणि त्याला चेहरे लक्षात राहतात.

भाव योग्य आहे का हे कसं कळणार? निघायच्या आधी रिप्रो कॅटलॉगमधला भाव यादीत प्रत्येक पार्टसमोर लिहून ठेवा. जुना पार्ट दुरुस्तीच्या खर्चासकट त्याच्या वर जात असेल तर फक्त ओरिजिनलपणासाठी घ्यायचा, चालवायच्या गाडीसाठी नाही. काही पार्टचे रिप्रो मात्र फालतू असतात, बसत नाहीत, तासून-तासून जीव जातो, आणि कुठले ते क्लबमधले म्हातारे बरोबर सांगतात. हे कुठल्याच कॅटलॉगमध्ये लिहिलेलं नसतं.

घेतल्यावर लगेच मार्करने पिशवीवर लिहा, काय, कुणाकडून, कितीला. संध्याकाळी सगळे बोल्ट सारखेच दिसतात.

घरी आणल्यावर

जुने ब्रेक लायनिंग, क्लच प्लेट, गॅस्केट यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, एनओएस असले तरी, किंबहुना एनओएस असले तर नक्कीच. वाळूच्या कागदाने घासू नका, कॉम्प्रेसरने धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधा आणि लायनिंग नवीन लावून घ्या. जुन्या रंगात शिसं असतं, पोरं खेळतात तिथे खरवडू नका. बाकी गंजासाठी पाण्यात मिसळलेला वॉशिंग सोडा आणि बॅटरी चार्जरने इलेक्ट्रोलिसिस करतात ते स्वस्त आणि मस्त, फक्त मोकळ्या हवेत करा कारण हायड्रोजन निघतो, आणि अ‍ॅनोड म्हणून स्टेनलेस स्टील अजिबात वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. साधं लोखंड वापरा.

भारतातल्या गाडीसाठी नेणार असाल तर

हे बऱ्याच जणांना लागतं, गावाकडे काकांची जीप असते नाहीतर कुणाच्या तरी वाड्यात आजोबांची शेवरोले. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या शेवटी विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे तिचं सीजे-३बी मॉडेल वर्षानुवर्षं बनवलं, त्यामुळे इंजिनचे बरेच पार्ट इथल्या विलीजशी जुळतात. फक्त इंजिन कुठलं ते आधी विचारा, जुन्या एल-हेडला (सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये) कार्टर कंपनीचा डब्ल्यूओ कार्बोरेटर आणि नंतरच्या एफ-हेडला (आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये) कार्टर वायएफ. कार्टरवर एक छोटी पितळी पट्टी स्क्रूखाली अडकवलेली असते, तिच्यावर नंबर असतो, ती पट्टी असलेलाच घ्या.

जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडल्या, तिथल्या शेवरोले उजव्या स्टिअरिंगच्या. इंजिन, गिअरबॉक्स, हब, इलेक्ट्रिकचं सामान हर्शीला मिळेल, पण स्टिअरिंग बॉक्स, डॅशबोर्ड, पेडलचं लिंकेज इथे शोधत बसू नका, ते इंग्लंड, ऑस्ट्रेलिया नाहीतर न्यूझीलंडकडे.

वापरलेला कार्बोरेटर, फ्युएल पंप किंवा पेट्रोलची टाकी विमानाच्या सामानात टाकू नका. पेट्रोलचा अंश किंवा नुसता वास असला तरी तो धोकादायक माल धरतात आणि बॅग अडकते. रिपेअर किट, गॅस्केट सेट, न वापरलेले डिस्ट्रिब्युटर कॅप, पॉइंट्स, बेअरिंग हे न्यायला सोपं. त्यांचे मूळ डबे फेकू नका, आणि बिल नसेल तर विकणाऱ्याकडून कागदावर लिहून सही घ्या, कस्टमवाल्याला काहीतरी दाखवायला हवं.

आणि एकदा विकायला बसा

दोन-तीन वर्षांत गॅरेजमध्ये डबल झालेले पार्ट साठतात आणि घरातून आवाज यायला लागतो. तेव्हा क्लबमधल्या कुणाबरोबर अर्धी जागा वाटून घ्या. सगळ्यावर भाव लिहून ठेवा, भाव नसलेल्या वस्तूला लोक हातही लावत नाहीत. एक दोन-दोन डॉलरवाला खोका ठेवा, बोल्ट, नॉब, बल्ब, काय वाटेल ते, लोक त्यासाठी थांबतात आणि मग वरचं बघतात. खरी कमाई म्हणजे दिवसभर एका जागी बसल्यावर तुमच्यासारखीच गाडी असलेले लोक आपणहून चालत येतात. तुम्हाला हवा असलेला पार्ट पाटीवर लिहून टेबलाला समोरून चिकटवा, आणि जेवायला उठताना जोडीदाराला सांगून जा की कुणी तो पार्ट घेऊन आलं तर सोडू नकोस.